वेबसाइटच्या पानांना टायटल कसं द्यायचं: देवगड हापूसच्या एका साइटवरून, पायरी पायरीने

माझ्या मामाची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. तीन हंगामांपूर्वी त्याने वेबसाइट करून घेतली, फोटो झकास, पेमेंटची सोय, पत्ता, फोन, सगळं व्यवस्थित, पण अख्ख्या हंगामात साइटवरून ज्या ऑर्डरी आल्या त्या सगळ्या ओळखीतल्याच. मी सुट्टीत गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन बसलो आणि बघतो तर अकरापैकी दहा पानांचं टायटल एकच, 'होम' आणि पुढे बागेचं नाव. आंब्याच्या दराचं पान 'होम', आंबा पिकवायची माहिती असलेलं पान 'होम', संपर्काचं पानही 'होम'. मामाला दाखवलं तर तो म्हणाला, "गूगल काय बागेत येवन बघता, आंबो कसो आसा तो?" खरंच आहे ते, गूगल आंबा चाखून बघत नाही, त्याला जे कळतं ते पानावरच्या शब्दांतूनच कळतं आणि त्या शब्दांत सगळ्यात पहिला नंबर टायटलचा.

त्या एका उन्हाळ्यात मी ती अकरा टायटल्स परत लिहिली, त्यातली काही तीनतीनदा बदलली. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय. तुमचा धंदा आंब्याचा नसला तरी चालेल, लोणची-मसाले विका, क्लासेस घ्या, होमस्टे चालवा, रीत तीच.

आधी टायटल म्हणजे नक्की कुठली ओळ ते बघू

टायटल म्हणजे पानावर वर मोठ्या अक्षरात दिसतं ते नाही, ते हेडिंग. टायटल पानाच्या कोडमध्ये वरच्या भागात असतं आणि पानावर कुठेच दिसत नाही, म्हणूनच ते राहून जातं. ते दिसतं ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्क केलं तर तिथे, आणि गूगलच्या रिझल्टमध्ये ज्या मोठ्या निळ्या ओळीवर आपण क्लिक करतो तिथे. व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की खाली चौकटीत जे नाव येतं ते ओपन ग्राफ नावाच्या वेगळ्या टायटलवरून येतं, पण बहुतेक एसईओ प्लगइन, म्हणजे साइट गूगलमध्ये नीट दिसावी म्हणून तिला लावतात ती जोडणी, ते याच टायटलवरून भरतात, त्यामुळे एकदा नीट लिहिलं की दोन्हीकडे कामाला येतं.

अजून एक जागा आहे जी आपल्याला दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं स्क्रीन रीडर वापरतात आणि पान उघडलं की तो सगळ्यात आधी टायटल वाचून दाखवतो. दहा पानांवर दहा वेळा 'होम' ऐकू आलं तर त्या माणसाने काय समजायचं? वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात प्रत्येक पानाला त्याचा विषय सांगणारं टायटल हवं हा अगदी पहिल्या पातळीचा निकष आहे. मला तर नुसतं हे एक कारणही पुरेसं वाटतं.

पहिली पायरी: सगळी टायटल्स एका कागदावर काढा

गूगलमध्ये इंग्रजीत साइट हा शब्द, मग कोलन आणि लगेच, मधे जागा न सोडता, तुमचं डोमेन टाका. तुमची जी पानं गूगलला माहीत आहेत ती बरीचशी समोर येतील आणि त्यांची टायटल्स गूगल कशी दाखवतंय तेही कळेल. मग प्रत्येक पान उघडून राइट क्लिक करा, व्ह्यू पेज सोर्सवर जा आणि तिथे टायटल हा शब्द इंग्रजीत शोधा, तुम्ही दिलेलं खरं टायटल ते. वहीत तीन रकाने करा: पान कशाचं आहे, आत्ता टायटल काय आहे, गूगल काय दाखवतंय. मोबाइलवर हे काम करू नका, वैताग येतो, लॅपटॉप घ्या.

हे करताना आमच्याकडे एक भलतीच गोष्ट सापडली. एका पानाचं टायटल म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी होती. झालं असं होतं की ज्याने साइट केली त्याने छापखान्यातल्या पत्रकाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला आणि तो मजकूर जुन्या मराठी फॉन्टमधला होता, युनिकोडमधला, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी म्हणूनच ओळखला जातो त्या पद्धतीतला, नव्हता. पानावर तो फॉन्ट लावलेला म्हणून तिथे मराठी दिसत होतं, पण टायटलला आपण फॉन्ट लावू शकत नाही, त्यामुळे तिथे त्या फॉन्टच्या मागची खरी अक्षरं उघडी पडली. गूगललाही तीच दिसत होती. म्हणजे आमच्यासाठी ते पान मराठी होतं आणि गूगलसाठी ते कुठल्याच भाषेत नव्हतं. तुमच्याकडे डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर असेल तर आधी तो युनिकोडमध्ये करून घ्या, टायटलचंच नाही तर पानाचंही.

दुसरी पायरी: गिऱ्हाईक कुठले शब्द वापरतं ते ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आमच्या साइटवर मामाने स्वतः लिहिलेलं एक पान होतं, 'अढी कशी लावावी', अढी म्हणजे आंबे गवतात घालून पिकवायची रीत. पान खरंच सुंदर आहे, गवत किती घ्यायचं, आंबा देठ कुठे करून ठेवायचा, कितव्या दिवशी खालवर करायचा, पिकलाय हे नाकाने कसं ओळखायचं, फ्रीजमध्ये पिकायच्या आधी का ठेवू नये, सगळं आहे. पण ते कोणी वाचत नव्हतं, कारण ज्याला ते वाचायची गरज आहे त्या पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या माणसाला अढी हा शब्दच माहीत नाही. त्याच्या घरी हिरव्या आंब्यांची पाच डझनाची पेटी आलीय, चार दिवस झाले तरी आंबे हिरवेच आहेत आणि तो घाबरून टाइप करतोय 'हिरवा आंबा घरी कसा पिकवायचा'. अढी शब्द आमचा, प्रश्न त्याचा.

म्हणून टायटल असं झालं:

हिरवा हापूस आंबा घरी कसा पिकवायचा: गवताची अढी लावायची रीत

अढी शब्द मी काढला नाही. मामाने काढू दिलाच नसता आणि काढायचं कारणही नव्हतं, ज्याला माहीत आहे तो त्या शब्दाने येईल आणि ज्याला माहीत नाही तो पान वाचून शिकून जाईल. फक्त गिऱ्हाइकाचे शब्द आधी आणि आपले नंतर. त्याच्या पुढच्या मे महिन्यात या पानावरून फोन यायला लागले, आंबे दुसरीकडून घेतलेली माणसं पिकवायचं कसं विचारायला फोन करत होती आणि मामा सगळ्यांना न कंटाळता सांगत होता, त्यातली काही आता दरवर्षी आमच्याकडूनच पेटी घेतात.

हे शब्द शोधायचे कुठे? पहिली जागा म्हणजे तुमचं स्वतःचं व्हॉट्सअॅप. गिऱ्हाइकांचे जुने मेसेज उघडा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवून घ्या, शुद्ध करू नका. मामाच्या फोनमध्ये 'पेटी कितीला', 'ओरिजनल देवगडच आहे ना', 'कार्बाईडचा नाही ना', 'कोथरूडला येईल का' हेच चार प्रश्न वेगवेगळ्या रूपात शेकड्याने होते. दुसरी जागा गूगलचा शोधायचा बॉक्स, दोन शब्द टाइप करून थांबा आणि खाली काय सुचवतंय ते बघा, मराठीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकदा. तिसरी जागा सर्च कन्सोल, हे गूगलचं साइटवाल्यांसाठीचं साधन, ते फुकट असतं आणि त्यात लोक कुठले शब्द टाकल्यावर तुमची साइट दिसली ते लिहिलेलं असतं, लावलं नसेल तर आजच लावा कारण लावायच्या आधीचे आकडे फारसे मिळत नाहीत.

तिसरी पायरी: एक पान, एक प्रश्न, एक टायटल

प्रत्येक पानासमोर लिहा की हे पान कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दोन पानं एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतील तर ती एक करा. एका पानाला तीन प्रश्न चिकटत असतील तर टायटल कधीच जमणार नाही, आधी पान तोडा. आमचं 'आमच्याविषयी' पान असंच होतं, त्यात बागेचा इतिहास, भाव, पोहोचवायचे नियम सगळं एकत्र होतं.

मग टायटल लिहायचं. आधी काय आहे, मग त्यात वेगळं काय किंवा कुठलं, आणि नाव सगळ्यात शेवटी. मुख्य पानासाठी 'होम' जाऊन 'देवगड हापूस आंबा थेट बागेतून घरपोच, पुणे आणि मुंबई' असं झालं, पुढे बागेचं नाव. बागेचं नाव आधी हवं असा मामाचा आग्रह होता आणि मला तो समजतो, आजोबांनी ठेवलेलं नाव आहे ते. पण जो माणूस ते नाव टाकून शोधतोय त्याला आपण सापडणारच आहोत, टायटल लिहायचं ते ज्याला आपलं नाव माहीत नाही त्याच्यासाठी. शिवाय २०२२ पासून गूगल रिझल्टमध्ये साइटचं नाव वर वेगळ्या ओळीत दाखवतं, त्यामुळे आतल्या पानांवर जागा कमी पडत असेल तर नाव गाळलं तरी बिघडत नाही.

भावाच्या पानाला 'हापूस आंबा भाव: ४, ५ आणि ६ डझन पेटीचे आजचे दर' दिलं. इथे एक सांगायला हवं, 'आजचे' लिहिलं तर रोज सकाळी दर बदलायची तयारी हवी. आमच्याकडे मामी हे काम करते, चहा झाला की पहिलं ते. तुम्हाला जमणार नसेल तर 'या आठवड्याचे' लिहा, पण माणूस आत येऊन दहा दिवसांपूर्वीचा दर बघेल असं करू नका, तो परत येत नाही.

लांबी, आणि मराठीतली मोजणी

सगळीकडे वाचाल की टायटल ५० ते ६० अक्षरांचं ठेवा. हा आकडा इंग्रजीवरून आलाय आणि गूगलचा नियम नाही, गूगलने टायटलच्या लांबीला मर्यादा घातलेलीच नाही, फक्त दाखवताना स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढंच दाखवतात आणि पुढे टिंबं. म्हणजे हिशेब अक्षरांचा नाही, रुंदीचा. छोट्या टायटलचा सल्ला तसा जुनाच आहे, वेबची पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या १९९५ सालच्या २.० दस्तऐवजात टायटल ६४ अक्षरांच्या आत ठेवा म्हणून लिहिलंय, आणि नुसतं 'प्रस्तावना' असं टायटल देऊ नका, कशाची प्रस्तावना ते सांगा, हेही तिथेच आहे.

मराठीत गंमत अशी होते की प्लगइन मोजतं वेगळं आणि डोळा मोजतो वेगळं. 'देवगड हापूस आंबा' घ्या. आपण मोजली तर नऊ अक्षरं, दे-व-ग-ड, हा-पू-स, आं-बा. कॉम्प्युटर मात्र मात्रा, काना, अनुस्वार सगळं सुटं धरतो आणि दोन मोकळ्या जागा मिळून १६ सांगतो. जोडाक्षरं आली की अजून वाढतं, 'स्त्री' हे एकच अक्षर तिथे सहा होतं. त्यामुळे प्लगइनमध्ये लाल पट्टी दिसली म्हणून चांगलं टायटल कापत बसू नका, त्याच प्लगइनमध्ये रिझल्ट कसा दिसेल याचा नमुना असतो तो बघा, आणि खरी खात्री हवी असेल तर पान गूगलमध्ये आलं की स्वतःच्या फोनवर शोधून बघा. मी स्वतः आठ-दहा शब्दांच्या आसपास थांबतो आणि पहिल्या चार-पाच शब्दांतच मुद्दा येईल असं बघतो, मागचं कापलं गेलं तरी मग फरक पडत नाही. टॅबवर तर तेवढंही दिसत नाही, दहा टॅब उघडे असले की पहिला शब्दच काय तो दिसतो.

ज्यांची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांच्यासाठी जाता जाता, मराठी टायटल दिलं की पानाचा पत्ताही आपोआप मराठीत होतो आणि आतून त्यातलं प्रत्येक मराठी चिन्ह नऊ जागा खातं, पत्त्याला जागा २०० च, म्हणून वर्डप्रेस पत्ता मधेच अर्धवट तोडून टाकतं. पान पब्लिश करायच्या आधीच पत्ता हाताने इंग्रजीत छोटा लिहा. जुन्या पानांचे पत्ते मात्र उगाच बदलू नका.

देवनागरी की रोमन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. आपली माणसं फोनवर दोन्ही लिपींत शोधतात, म्हणून काहीजण पान मराठीत लिहितात आणि टायटल रोमन अक्षरांत देतात, किंवा एकाच टायटलमध्ये दोन्ही कोंबतात. करू नका. जून २०२२ मध्ये गूगलने जाहीर केलं की टायटलची भाषा किंवा लिपी पानाच्या मजकुराशी जुळत नसेल तर ते स्वतः पानाच्या भाषेतलं टायटल शोधून लावू शकतात, आणि त्यांनी उदाहरण दिलं होतं ते रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी टायटलचंच. म्हणजे तुम्ही मेहनत करून रोमन टायटल द्याल आणि दिसेल भलतंच. मराठी पानाला मराठी टायटल. इंग्रजीत वाचणारी गिऱ्हाइकं असतील, आणि आमच्याकडे आहेत, अमेरिकेतली मुलगी पुण्यातल्या आईबाबांकडे पेटी पाठवते, तिचा नवरा कन्नड, दोघं मिळून ऑर्डर करतात, तर त्यांच्यासाठी पूर्ण इंग्रजी पान वेगळं करा आणि त्याला इंग्रजी टायटल द्या. मराठी मजकुरातले रोजचे इंग्रजी शब्द मात्र खुशाल वापरा, 'ऑनलाइन' ला कोणी 'महाजालावर' म्हणून शोधत नाही.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर लोक 'हापुस' पण लिहितात आणि 'हापूस' पण. टायटलमध्ये बरोबर रूप एकदाच वापरा, गूगलला दोन्ही एकच आहेत हे बऱ्यापैकी कळतं, आणि चुकीचं लिहिलेलं टायटल बघून आपल्याच माणसांचा विश्वास कमी होतो.

गूगल टायटल बदलतं तेव्हा

तुम्ही एक लिहिता आणि रिझल्टमध्ये दुसरंच दिसतं, हे ऑगस्ट २०२१ पासून जास्त लोकांच्या लक्षात यायला लागलं, तेव्हा गूगलने टायटल तयार करायची पद्धत बदलली. त्यानंतर सप्टेंबरात त्यांनीच सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचं मूळ टायटलच वापरलं जातं. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण तुमचं बदललं गेलं असेल तर काहीतरी खटकलंय असं समजा. पानावरचं मोठं हेडिंग एक सांगतंय आणि टायटल दुसरं, असं असेल तर गूगल हेडिंग उचलतं. टायटलमध्ये २०२३ राहिलंय आणि पानावर २०२५ चे दर आहेत, तेव्हाही तेच. सगळ्या पानांवर एकच शेपूट लावलंय, 'सर्वोत्तम हापूस आंबा ऑनलाइन खरेदी करा' वगैरे, आणि पुढे दोनच शब्द वेगळे, तरीही गूगल बदलतं. म्हणून हेडिंग आणि टायटल एकाच अर्थाची ठेवा, शब्दशः सारखी नसली तरी चालतील, आमच्या अढीच्या पानावर हेडिंग आजही मामाचंच आहे, 'घरी आंबा पिकवायचा, अढी लावायची', आणि गूगलने अजून काही बदललेलं नाही.

खोटं टायटल लिहू नका

हे मी कळकळीने सांगतोय. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. तरी दरवर्षी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो आणि आता तेच इंटरनेटवर टायटलमध्येही चालतं. रत्नागिरीचा असेल तर रत्नागिरी लिहा, कर्नाटकचा असेल तर कर्नाटक लिहा, त्यालाही गिऱ्हाईक आहे. जीआय, म्हणजे हेच भौगोलिक मानांकन, हा शब्द टायटलमध्ये घालायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली हवी.

त्याच जातीची दुसरी चूक म्हणजे शहरांची माळ, 'हापूस आंबा पुणे मुंबई ठाणे नाशिक नागपूर औरंगाबाद'. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे माणसासाठी लिहिलेलं नाही. आणि दर शहरासाठी नुसतं नाव बदललेलं तेच पान करणं तर गूगलच्या स्पॅम धोरणातच बसत नाही. आमचं पुण्याचं एक वेगळं पान आहे कारण तिथे आमचा टेम्पो ठरलेल्या वारी जातो आणि कुठल्या भागात कधी ते लिहिलंय. नागपूरचं नाही कारण तिथे आम्ही देत नाही.

बदल केल्यावर

वर्डप्रेस असेल तर पान एडिट करताना खाली एसईओ प्लगइनचा बॉक्स असतो, त्यात टायटल बदला आणि अपडेट करा. मग सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचा पत्ता टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान वाचून आपल्या यादीत घ्यावं याची, विनंती करा. दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, रोज बदलत बसू नका नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

आकडे बघताना, पान खूपदा दिसलं पण क्लिक कमी आणि जागा पहिल्या पाच-सहात असेल तर टायटलवर काम करा. जागाच तिसाव्या नंबरवर असेल तर क्लिक नसणारच, तिथे नुसतं टायटल बदलून भागणार नाही, पानात दम हवा. पान दिसतच नसेल तर ते इंडेक्स झालंय का ते आधी बघा. आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका. एप्रिलमध्ये आंबा शोधणारे मार्चपेक्षा जास्तच असणार, त्यात टायटलचं श्रेय काय? मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा, सर्च कन्सोल १६ महिन्यांचे आकडे ठेवतं तेवढ्यासाठी पुरतं. गणपतीत मोदक विकणाऱ्यांनी आणि दिवाळीत फराळ विकणाऱ्यांनी तर सण मागेपुढे होतो हेही धरायला हवं.

पावसाळा लागला की आंबा संपतो. तेव्हा भावाचं पान काढून टाकू नका, पत्ता तोच ठेवा, फक्त टायटलमधले 'आजचे दर' काढून 'मागच्या हंगामातले दर आणि पुढच्या वर्षीची नोंदणी' करा आणि पानावरही तेच लिहा. आमच्याकडे मामीने कॅलेंडरवर दोन खुणा करून ठेवल्यात, एक जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि एक फेब्रुवारीत, पहिली तोड जवळ आली की टायटल परत फिरवायचं म्हणून.